त्यालाही आउट होऊ द्या

गेल्या वर्षीची गोष्ट. चर्चच्या सणाआधीचा रविवार होता. सकाळची मिस्सा झाली, चहा-उप्पीट झालं आणि दरवर्षीप्रमाणे मागच्या मैदानात मुलांचे खेळ सुरू झाले. लिंबू-चमचा, पोत्यातली शर्यत, संगीत खुर्ची आणि शेवटी मोठ्यांची रस्सीखेच. शिट्टी माझ्याकडे होती.

माझ्या दृढीकरणाच्या वर्गात सतरा वर्षांचा एक मुलगा आहे. जन्मापासून त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. तो व्हीलचेअर वापरतो. बोलणं थोडं जड आहे, पण दोनदा ऐकलं की सगळं कळतं. त्याचं नाव इथं लिहीत नाही. हा लेख त्याला वाचून दाखवला आहे आणि "नाव नको, बाकी सगळं लिहा" अशी त्याची परवानगी आहे.

खेळांच्या दिवशी त्याची जागा ठरलेली असायची. आंब्याच्या झाडाखाली, मांडीवर पुठ्ठा, त्यावर कागद. गुण लिहायचं काम त्याचं. शेवटी बक्षीस समारंभात त्याला "उत्तेजनार्थ" म्हणून स्टीलचा एक डबा मिळायचा आणि सगळ्यात जास्त टाळ्याही त्यालाच मिळायच्या. ही कल्पना माझीच होती, आणि खरं सांगते, मला तिचा अभिमान होता.

त्या दिवशी डबा हातात देताना तो मला म्हणाला, "टीचर, मी खेळलोच नाही. मग बक्षीस कशाचं?"

मी हसून वेळ मारून नेली. "एवढा वेळ उन्हात बसलास ना, त्याचं."

"बसल्याबद्दल डबा असेल तर तिकडं बाकावर बसलेल्या सगळ्या आजींना पण द्या की," तो म्हणाला. मग जरा थांबून, "असे चार डबे झालेत घरी. एकदा मला आउट तरी करा की."

त्या रात्री मला हे वाक्य काही सोडेना. वीस वर्षं मी मुलांना श्रद्धेचे धडे शिकवते आहे. देवाच्या घरी सगळे समान असं दर वर्षी फळ्यावर लिहिते. आणि माझ्याच मैदानात एक मुलगा चार वर्षं एकदाही हरलेला नव्हता, कारण त्याला कुणी खेळातच घेतलं नव्हतं.

आपल्याकडे लहानपणी प्रत्येकानं पाहिलेली एक पद्धत आहे. मोठी मुलं खेळत असतात, धाकटं भावंड रडत येतं, "मला पण घ्या." मग त्याला "कच्चं लिंबू" करून घेतात. ते धावतं, ओरडतं, पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि ते आउट होत नाही. लहान मुलासाठी ही मोठी मायेची सोय आहे. पण ती कायमची नसते. वर्ष-दोन वर्षांत ते पोर पाय आपटून सांगतं, "मी आता कच्चं लिंबू नाही!" आणि ज्या दिवशी त्याच्यावर पहिल्यांदा राज्य येतं, त्या दिवशी ते रडलं तरी मनातून मोठं झालेलं असतं.

आपल्या अपंग मुलांच्या आयुष्यात तो दिवस येतच नाही. वय पाच, दहा, सतरा, पंचवीस होतं आणि आपण त्यांना कच्चं लिंबूच ठेवतो. आपण त्यांच्याशी प्रेमानं वागतो, हे खरं आहे. पण प्रेम करणं आणि खेळात घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज मला एवढंच सांगायचं आहे की या मुलांना खेळायचा हक्क आहे, आणि त्या हक्कात हरण्याचाही हक्क येतो.

यावर पहिलं उत्तर मिळतं ते असं: "अहो, त्याचे व्यायाम चालू आहेत की. फिजिओथेरपीला जातो." फिजिओथेरपी हवीच. स्नायू आखडू नयेत, सांधे वाकडे होऊ नयेत म्हणून ती करावीच लागते. पण व्यायाम म्हणजे खेळ नव्हे. व्यायामात दुसरं कुणीतरी तुमचा पाय धरून वाकवतं आणि "अजून दहा वेळा" म्हणतं. खेळात तुम्ही स्वतः काहीतरी ठरवता, चुकता, चिडता, पुन्हा प्रयत्न करता. या मुलांचा सगळा दिवस उपचार, शिकवणी आणि "हे कर, ते करू नकोस" यात जातो. ज्याचा काही उपयोग नाही, जे केवळ मजेसाठी करायचं, असं त्यांच्या वाट्याला फार थोडं येतं. आणि गंमत म्हणजे तब्येतीसाठीही तेच लागतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली शारीरिक हालचालींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात ५ ते १७ वयाच्या अपंग मुलांनाही इतर मुलांइतकीच, म्हणजे दिवसाला सरासरी ६० मिनिटं, चांगला दम लागेल अशी हालचाल हवी, असं सांगितलं आहे. आठवड्यातून दोनदा अर्धा तास फिजिओथेरपी करून हा हिशेब पुरा होत नाही. तो मैदानावर मित्रांबरोबरच पुरा होतो.

दुसरं उत्तर असतं पदकांचं. "बघा, पॅरालिम्पिकमध्ये आपली मुलं किती पुढं गेली!" मलाही त्यांचा अभिमान आहे. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. त्याच जिल्ह्यातल्या सचिन खिलारी यांनी २०२४ साली पॅरिसमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक आणलं. या गोष्टी मुलांना जरूर सांगाव्यात. पण प्रत्येक धडधाकट मुलाला बॅट हातात देण्याआधी "तू तेंडुलकर होणार असशील तरच खेळ" अशी अट आपण घालतो का? आपली बहुतेक मुलं अगदी सामान्य खेळतात आणि त्यात सुखी असतात. तसं सामान्य खेळायची मुभा अपंग मुलालाही हवी. त्यानं एकतर बिचारा राहायचं, नाहीतर थेट प्रेरणास्थान व्हायचं, अशी सक्ती कशाला?

आता जरा आपल्या जुन्या खेळांकडे बघू या. लंगडीत काय करतो? दोन चांगले पाय असताना एक पाय दुमडून घेतो. आंधळी कोशिंबिरीत चांगल्या डोळ्यांवर रुमाल बांधतो. सहलीच्या बसमध्ये हातवारे करून सिनेमाचं नाव ओळखायला लावतो तेव्हा वाचा असून मुके होतो. फुटबॉलमध्ये तर गोलकीपर सोडून बाकी दहा जणांनी हात असून नसल्यासारखं वागायचं. म्हणजे अडचण हा खेळाचा शत्रू नाहीच. सगळ्यांनी मिळून एखादी अडचण मान्य करायची आणि तिच्यातून वाट काढायची, यालाच आपण खेळ म्हणतो. नियम माणसांनी केलेले आहेत, ते काही सीनाय पर्वतावरून दगडी पाट्यांवर लिहून आलेले नाहीत. मग ज्याला खरोखरच एक पाय चालत नाही, त्याच्यासाठी नियम बदलताना आपल्या जिवावर का यावं?

जगात हे काम पूर्वीच झालं आहे. १९४८ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथल्या रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी पाठीच्या कण्याला इजा झालेल्या १६ माजी सैनिक स्त्रीपुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. त्याच दिवशी लंडनला ऑलिम्पिकचं उद्घाटन होत होतं. पुढं १९६० साली रोमला पहिलं पॅरालिम्पिक झालं, त्याचं मूळ या छोट्या स्पर्धेत आहे. अमेरिकेत युनिस केनेडी श्रायव्हर यांची थोरली बहीण बौद्धिक अपंग होती. युनिस यांनी १९६२ साली स्वतःच्या घराच्या आवारात अशा मुलांसाठी उन्हाळी शिबिर घेतलं आणि त्यातून १९६८ साली शिकागोत पहिलं स्पेशल ऑलिम्पिक्स उभं राहिलं. तिथं एक शहाणी पद्धत आहे. साधारण सारख्या क्षमतेच्या खेळाडूंचे गट पाडतात, म्हणजे प्रत्येकाला जिंकण्याची खरी संधी असते आणि हरण्याचीही. आणि आपलं अंधांचं क्रिकेट बघा. प्लास्टिकच्या चेंडूत छर्रे असतात, ते खुळखुळतात. गोलंदाज आधी विचारतो, फलंदाज तयार असल्याचं सांगतो, मगच चेंडू खांद्याखालून, जमिनीलगत येतो. या खेळाचा पहिला विश्वचषक १९९८ साली दिल्लीत झाला. हे सगळं घडलं ते कुणीतरी "याला खेळता येईल का?" हा प्रश्न सोडून "आपण कसं खेळलो तर याला खेळता येईल?" हा प्रश्न विचारला म्हणून.

आपला कायदाही हेच म्हणतो. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. त्याच्या २९ व्या कलमात करमणूक आणि सांस्कृतिक जीवन आहे, ३० व्या कलमात खेळ आहे. खेळाचे कार्यक्रम आणि मैदानं या मंडळींना वापरता येतील अशी करणं हे सरकारचं काम आहे, असं तिथं स्पष्ट लिहिलं आहे. आपल्या शेजारी गोव्यात २०२३ च्या जानेवारीत पणजीला पहिला पर्पल फेस्ट भरला. अपंगांसाठी गाणी, खेळ, भेटीगाठी, सगळा उत्सवच. अशा गोष्टी वर्षातून चार दिवस होतात, त्या व्हायलाच हव्यात. माझी काळजी उरलेल्या रविवारांची आहे.

विशेष शाळेत असेपर्यंत निदान काहीतरी असतं. वार्षिक क्रीडादिन असतो, सर-बाई असतात, बसमधले मित्र असतात. अठरा वर्षं झाली, शाळा संपली की सगळं एकदम थांबतं. मग घर, टीव्ही आणि मोबाईल. फिरायला जायचं तर आईबाबांबरोबर, सिनेमाला आईबाबांबरोबर, चर्चलाही आईबाबांबरोबर. वीस वर्षांच्या कुठल्या मुलाला रोज आईबाबांबरोबर फिरायला आवडेल? त्याच्या वयाची मुलं टपरीवर चहा पीत उगाच तासभर उभी असतात. तेही त्याला हवं असतं. मुलींचं तर याहून अवघड. "कुठं पाठवायचं, कोण सांभाळणार, बाथरूमचं काय" या तीन प्रश्नांत मुलीची सगळी तरुणाई घरात जाते. यात आईबापांना बोल लावायची माझी हिंमत नाही. त्यांनी फार सोसलेलं असतं आणि एकट्यानं सोसलेलं असतं. दोष असेल तर तो आपल्यासारख्या शेजाऱ्यांचा आहे. आपण त्यांना विचारपूस दिली, सोबत दिली नाही.

"पण त्याला लागलं तर?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतो. प्रश्न खरा आहे, म्हणून नीट उत्तर द्यायला हवं. काळजी घ्यायच्या गोष्टी ठरावीक असतात आणि त्या विचारून घेता येतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात. त्यांना कोलांट्या किंवा डोक्यावर भार येणारे खेळ देण्याआधी डॉक्टरांना विचारावं. फिट येणाऱ्या मुलाला पाण्यात कधीही एकटं सोडू नये. ज्याच्या पायांना संवेदना नाही त्याचे पाय तापलेल्या फरशीवर भाजले तरी त्याला कळत नाही. सतत एका जागी बसून जखमा होऊ नयेत म्हणून त्याला मधूनमधून उठावं-सरकावं लागतं. हे आईला विचारा, आणि त्याआधी त्या मुलाला स्वतःला विचारा. यापलीकडे गुडघा खरचटण्याची भीती असेल, तर आपल्या इतर मुलांचे गुडघे बघा. खरचटलेला गुडघा हा बालपणाचाच भाग आहे.

"इतर मुलांचा खेळ बिघडतो" असंही काही जण दबक्या आवाजात म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. मोठी माणसं दहा मिनिटं वाद घालतात, मुलं दोन मिनिटांत नियम करून मोकळी होतात. गल्ली क्रिकेटमध्ये "भिंतीवर टप्पा न पडता लागला तर आउट" असले नियम कुणी शिकवले त्यांना?

थोडं हाताशी धरण्यासारखं सांगते. ऐकू न येणाऱ्यांसाठी शिट्टीबरोबर रंगीत रुमाल हलवा. न दिसणाऱ्यासाठी प्लास्टिकच्या चेंडूत घुंगरू घाला आणि त्याची पाळी असताना बाकीच्यांनी गप्प बसा. धावायचं असेल तर एका छोट्या दोरीचं एक टोक त्याच्या हातात, एक सोबत्याच्या. बुद्धीनं सावकाश असलेल्याला एका वेळी एकच सूचना द्या आणि ती करून दाखवा. स्वमग्न मुलाला काय काय होणार ते आधी सांगा आणि स्पीकर जरा बंद ठेवा. कॅरमचं टेबल व्हीलचेअरचे हात खाली जातील एवढं उंच करा. अंधांसाठी बुद्धिबळाचा वेगळा पट मिळतो. त्यात काळी घरं जरा उंच असतात आणि सोंगट्या भोकात बसतात. बॅडमिंटन जमत नसेल तर फुगा घ्या. तो सावकाश येतो, सगळ्यांना जमतो. आणि जिथं आपल्यासारख्यांमध्येच खेळणं त्यांना बरं वाटतं, तिथं वेगळा संघही असू द्या. वेगळं खेळणं वाईट नाही. दुसरा पर्यायच नसणं वाईट.

आमच्या मैदानात उतरायला दोन पायऱ्या आहेत. चार वर्षं त्या मुलाची खुर्ची त्या पायऱ्यांच्या वरच थांबायची, म्हणून तर आंब्याखाली त्याची जागा ठरली! कफर्णहूममध्ये त्या चार मित्रांनी पक्षाघाती माणसाला प्रभू येशूपर्यंत पोहोचवण्यासाठी दुसऱ्याच्या घराचं छप्पर उकललं, हा धडा मी किती वर्षं शिकवते आहे! आणि मला दोन पायऱ्यांवर एक फळी टाकायचं सुचलं नव्हतं. यंदा एका सुतारकाम करणाऱ्या काकांनी अर्ध्या दिवसात ती करून दिली, खाली रबराची पट्टीसुद्धा लावली.

जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा आठवा अध्याय वाचून बघा. बाबिलोनहून परतलेले लोक पडक्या यरुशलेमकडे बघत होते. त्यांना देवानं पुन्हा वसणाऱ्या नगराचं चित्र दाखवलं. त्या चित्रात पहिल्यांदा सोनं नाही की सैन्य नाही. हातात काठी घेऊन बसलेली म्हातारी माणसं आहेत आणि रस्तेभर खेळणारी मुलं-मुली आहेत. देवाच्या नगरात काठी आणि खेळ एकाच रस्त्यावर आहेत. आमच्या मैदानात त्यांची ताटातूट आम्ही केली होती.

यंदाच्या खेळांची ठरवाठरवी मी मुलांवर सोपवली आणि त्या मुलालाच बैठकीचा प्रमुख केलं. त्यांनी टेनिस बॉलचं क्रिकेट ठरवलं. त्याच्यासाठी स्टंपऐवजी प्लास्टिकचं स्टूल, चेंडू खांद्याखालून आणि जवळून, पळायला बाय-रनर. पहिल्या सामन्यात त्यानं तीन धावा काढल्या. दुसऱ्या सामन्यात सहावीतल्या एका पोरानं टाकलेला पहिलाच चेंडू थेट स्टुलावर आदळला. मैदान गप्प झालं. पोरानं अपील केलं नाही, ते माझ्याकडे बघत राहिलं. खोटं कशाला सांगू, माझ्या तोंडात "नो बॉल" आलेलं होतं.

तेवढ्यात फलंदाजच ओरडला, "अरे अपील कर की!"

पोरानं अपील केलं. मी बोट वर केलं. त्यानं बॅट फेकली, पंचांवर, म्हणजे माझ्यावर, चिडला आणि खुर्ची फिरवून निघून गेला. त्याला या वर्षी डबा मिळाला नाही.

दुपारी त्याच्या आईचा फोन आला. "टीचर, हा जेवत नाही, कुणाशी बोलत नाही. काय झालं ओ तिथं?"

"आउट झाला," मी म्हटलं. "पहिल्याच बॉलला."

त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बरं झालं की."

या रविवारी मिस्सेनंतर बाहेर पडताना एवढं करा. आपल्या ओळखीचा असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल, तर आईला "कसा आहे तो?" असं विचारू नका. त्यालाच विचारा, "काय खेळतोस? संध्याकाळी येतोस का?" आणि तो आला, तर त्याला सोडू नका. त्याच्यावरही राज्य येऊ द्या.